राष्ट्रपतींचे अधिकार कुठे संपतात? कायद्याच्या आणि राज्यसेवेच्या नव्या विद्यार्थ्यांसाठी

नागपुरात एलएलबीला नुकताच प्रवेश घेतलेले असोत की धरमपेठेतल्या अभ्यासिकेत राज्यसेवेची तयारी करणारे, राष्ट्रपतींवर प्रश्न आला की बहुतेकांचं उत्तर अनुच्छेद 53 ने सुरू होतं. संघराज्याची कार्यकारी सत्ता राष्ट्रपतींच्या ठायी, असं लिहायचं आणि खाली यादी : कार्यकारी, वैधानिक, न्यायिक, आणीबाणीचे. यादी बिनचूक असते, गुण मात्र अर्धेच पडतात. विचारलेल्या असतात मर्यादा आणि लिहिलेले असतात अधिकार.

आधी वाचायचा क्रम बदला. 53 नंतर लगेच 74, मग 75(3) (मंत्रिमंडळ लोकसभेला जबाबदार), मग 78 (राष्ट्रपतींना माहिती देण्याचं पंतप्रधानांचं कर्तव्य). राष्ट्रपतींनी मंत्रिमंडळाच्या सल्ल्यानुसारच वागावं, हे शब्द मूळ 74 मध्ये नव्हते. ते 1976 च्या 42 व्या घटनादुरुस्तीने आले. सल्ला एकदा फेरविचारासाठी परत पाठवण्याची सोय 1978 च्या 44 व्या दुरुस्तीची. पण शमशेर सिंग खटल्यात सात न्यायाधीशांनी ही भूमिका 1974 मध्येच घेतली होती. 42 व्या दुरुस्तीमुळे हा निकाल आला असं लिहिलं, की तपासणाऱ्याला कळतं, मूळ काही वाचलेलं नाही.

मग एक कोरं पान घ्या आणि प्रत्येक अधिकारापुढे चार रकाने आखा : सल्ला कोणाचा, मुदत किती, संसद कुठे येते, न्यायालय कुठवर जातं. उदाहरणार्थ अनुच्छेद 123, म्हणजे अध्यादेश (वर्तमानपत्रातला वटहुकूम). दोन्ही सभागृहांचं अधिवेशन चालू असताना काढता येत नाही. संसद पुन्हा भरल्यापासून सहा आठवड्यांत तो संपतो, आणि दोन्ही सभागृहं वेगवेगळ्या तारखांना भरली तर मोजणी नंतरच्या तारखेपासून. नेमकं इथेच गणित चुकतं.

चौथ्या रकान्यासाठी 1969 चं प्रकरण पूर्ण वाचा, त्यात नागपूरही आहे. झाकीर हुसेन यांचं मे महिन्यात निधन झालं होतं. कार्यवाहू राष्ट्रपती व्ही. व्ही. गिरी यांनी 19 जुलैला 14 बँकांच्या राष्ट्रीयीकरणाचा अध्यादेश काढला, संसदेचं अधिवेशन दोन दिवसांवर असताना. दुसऱ्या दिवशी त्यांनी राजीनामा दिला आणि सरन्यायाधीश एम. हिदायतुल्ला कार्यवाहू राष्ट्रपती झाले. हे आपल्या मॉरिस कॉलेजचे विद्यार्थी, पुढे नागपूर उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती. अध्यादेशाच्या जागी आलेल्या कायद्याला 9 ऑगस्टला संमती त्यांच्याच कारकिर्दीत मिळाली. 1970 मध्ये तो कायदा आर. सी. कूपर खटल्यात 10 विरुद्ध 1 मतांनी रद्द झाला, तेव्हा ते सरन्यायाधीश होते, पण त्या 11 न्यायाधीशांच्या पीठावर नव्हते.

अध्यादेशाची तातडीने गरज आहे हे राष्ट्रपतींचं समाधान न्यायालयाला तपासता येतं असं कूपरमध्ये ठरलं, असं अनेक गाईडांत छापलेलं असतं. ते चूक आहे. कायदा आल्यामुळे अध्यादेशाचा प्रश्न आता केवळ तात्त्विक उरला, म्हणून न्यायालयाने तो सोडून दिला. त्या मुद्द्यासाठी कृष्णकुमार सिंग (2017) वापरा. अध्यादेश पुन्हा पुन्हा काढणं म्हणजे संविधानाशी लबाडी, हेही त्यात सात न्यायाधीशांच्या पीठाने बहुमताने सांगितलं. त्याआधीचा टप्पा डी. सी. वाधवा यांचा : पुण्याच्या गोखले संस्थेतले प्राध्यापक, बिहारच्या 256 अध्यादेशांची जंत्री घेऊन न्यायालयात गेले.

दयेच्या अर्जाचा रकाना (अनुच्छेद 72) वर्धा रोडवरच्या कारागृहामुळे इथल्या विद्यार्थ्यांना लवकर समजतो. शत्रुघ्न चौहान निकालाने (2014) दोन गोष्टी पक्क्या केल्या : अवास्तव विलंब झाला तर फाशीची जन्मठेप होऊ शकते, आणि अर्ज फेटाळल्यावर फाशीपूर्वी किमान 14 दिवस मिळाले पाहिजेत. 30 जुलै 2015 च्या पहाटे याच कारागृहातल्या याकूब मेमनसाठी सर्वोच्च न्यायालय उघडलं ते याच 14 दिवसांसाठी. पहिला अर्ज 2014 मध्येच फेटाळला होता, त्यामुळे आदल्या रात्री दुसरा फेटाळला म्हणून नवे 14 दिवस मिळणार नाहीत, असं तीन न्यायाधीशांनी ठरवलं. दयेचा निर्णयही मंत्रिमंडळाच्या सल्ल्यानेच होतो (मारूराम, 1980). तो राष्ट्रपतींच्या वैयक्तिक मनाचा मोठेपणा नव्हे, हे लिहायला विसरू नका.

अनुच्छेद 356, म्हणजे राष्ट्रपती राजवट, यासाठी बोम्मई खटला (1994) सगळेच लिहितात. सोबत 23 नोव्हेंबर 2019 घाला. महाराष्ट्रातली राष्ट्रपती राजवट पहाटे 5.47 ला उठली. मंत्रिमंडळाची बैठक झाली नव्हती, कामकाज नियमांतल्या नियम 12 खाली पंतप्रधानांनी परस्पर मंजुरी दिली. सल्ला मंत्रिमंडळाचा म्हणतात तेव्हा तो प्रत्यक्षात कसा तयार होतो, हे एवढं स्पष्ट दुसरीकडे दिसत नाही.

हमखास फसवणारं थोडक्यात : राष्ट्रपती निवडताना राज्यांचे आमदार मत देतात, महाभियोगात त्यांना स्थान नाही, संसदेतल्या नामनिर्देशित सदस्यांचं नेमकं उलट. धन विधेयक परत पाठवता येत नाही. घटनादुरुस्ती विधेयकाला 24 व्या दुरुस्तीपासून (1971) संमती द्यावीच लागते. राष्ट्रीय आणीबाणीसाठी केंद्रीय मंत्रिमंडळाची लेखी शिफारस हवी.

बर्डीवरून जुनं पुस्तक घेताना छपाईचं वर्ष बघा. राज्यपालांनी राखून ठेवलेल्या विधेयकांवर राष्ट्रपतींनी तीन महिन्यांत निर्णय घ्यावा, हे एप्रिल 2025 च्या तामिळनाडू निकालातलं. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये, अनुच्छेद 143 खाली (राष्ट्रपतींनी मत विचारल्यावर) दिलेल्या अभिमतात, अशी मुदत न्यायालय घालू शकत नाही असं घटनापीठाने सांगितलं. मधल्या सात महिन्यांत छापलेल्या नोट्समध्ये ते तीन महिने तसेच असतील.