अंडी-सापळा लावून डासांचा अभ्यास कसा करावा

ठाण्यातील सोसायटीत एडिस (डेंग्यू पसरवणाऱ्या) डासांवर संशोधन करणाऱ्या विद्यार्थ्याने काळ्या डब्यात अर्धे पाणी भरून आत खरबरीत कागदाची पट्टी अशी लावावी, की तिचे खालचे टोक पाण्यात राहील. कारण मादी पाण्याच्या रेषेलगत, ओलसर पृष्ठभागावर अंडी घालते. दर 5 दिवसांनी पट्टी बदलून डबा घासावा, नाहीतर सापळ्यातच डास तयार होतात. अंडी मोजून झाल्यावर पट्टी उकळत्या पाण्यात बुडवावी, कारण कोरडी अंडीही अनेक महिने तग धरतात.

उपसता न येणाऱ्या पाण्यात बीटीआय जिवाणूचे औषध वापरावे; ते अळीने खाल्ल्यावरच परिणाम करते, त्यामुळे काहीच न खाणाऱ्या कोषांवर (अळीनंतरच्या अवस्थेवर) निरुपयोगी ठरते. डासांच्या अळ्या खाणारे गप्पी मासे मात्र ठाण्यातल्या मासुंदा किंवा उपवन तलावात सोडू नयेत. ते मूळचे इथले नाहीत.