ओस पडलेली मध्ययुगीन शेतवाडी: फोटोत आणि जमिनीवर कशी ओळखायची

इंग्लंडच्या कुरणांत मध्ययुगीन शेतवाड्यांचे अवशेष, म्हणजे ढासळलेल्या भिंतींचे बांध, अनेकदा गुडघाभरही उंच नसतात. त्यांच्यावरून चालत गेलात तरी कळणार नाही. विमानातून तिरप्या उन्हात काढलेल्या फोटोत मात्र तेच बांध ठसठशीत दिसतात. हिवाळ्यातला, गवत आखूड असतानाचा, सकाळचा किंवा उन्हं कलतानाचा फोटो निवडा.

आधी सावली कुठे पडलीय ते बघा आणि ती आपल्याकडे येईल असा फोटो फिरवा. उलटा धरला तर डोळा फसतो, चर उंचवट्यासारखा दिसतो. उन्हाच्या दिशेने धावणाऱ्या बांधाची सावली जवळजवळ पडतच नाही, त्यामुळे घराच्या दोन भिंती दिसतात आणि दोन गायब होतात. म्हणून वेगवेगळ्या वेळचे दोन तरी फोटो हवेत. लायडारच्या, म्हणजे विमानातून लेझरने जमिनीची उंची मोजून केलेल्या नकाशात उजेड हवा तिथून टाकता येतो. त्याचा कोन ४५ अंशांवरून १५-२० वर आणा, उथळ बांधही उठून दिसतात.

आता घर. नैऋत्य इंग्लंडमधल्या डार्टमूर या माळरानावरचं लाँगहाऊस म्हणजे एकाच छपराखाली माणसं आणि गुरं. तिथल्याच हाउंड टोर या ओस पडलेल्या वस्तीतली १३व्या शतकातली घरं बघा: लांबट आयत, रुंदी चार-पाच मीटर, लांबी त्याच्या दुपटी-तिपटीची. लांब भिंतींत समोरासमोर दारं, म्हणजे बांधात समोरासमोर दोन खिंडारं. घराची लांबी उताराच्या दिशेने, गोठा खालच्या टोकाला आणि त्याच्या मधोमध नाली, म्हणजे शेणमूत खालच्या खाली वाहून जातं. ही मांडणी सापडली की ओळख बरीच पक्की होते.

पण नुसत्या आयतावर कधीच विसंबू नका. ससे पाळायला घातलेले लांबट मातीचे ढीग फोटोत घरासारखे दिसतात. त्यांच्याभोवती बहुधा चर असतो आणि वर दाराची खिंडारं नसतात. मेंढवाडेही फसवतात. घराला लागून परसाचं कुंपण, तिथवर येणारी, वर्दळीने खोल गेलेली वाट आणि पलीकडे शेत, हे सगळं एकमेकांना जोडलेलं हवं.

शेतातल्या नांगरटीचे वरंबे नीट बघा. नांगराला जुंपलेली बैलांची लांबलचक रांग वळवायला जागा लागायची, म्हणून मध्ययुगीन वरंबे रुंद आणि उलट्या इंग्रजी एससारखे हलकेच वाकलेले असतात. सरळ, अरुंद वरंबे बहुधा नंतरचे. वरंबे घराच्या बांधावरूनच गेले असतील, तर वाडी ओस पडल्यावर ती जमीन नांगरली गेली. परसाच्या कुंपणाखाली शिरत असतील, तर शेत आधीचं.

जागा नांगरून सपाट झाली असेल तर कोरड्या जून-जुलैतले फोटो काढा. बुजलेल्या चरावर पीक उंच आणि हिरवं राहतं, गाडलेल्या दगडी भिंतीवर खुरटून लवकर पिवळं पडतं.

शेवटी जमीनमालकाची परवानगी घेऊन पायी फिरा. चिचुंदरीसारख्या मोल या प्राण्याने उकरलेल्या मातीच्या ढिगांत खापराचे तुकडे दिसतात. जागा टिपा, खणू नका. संरक्षित स्मारकावर परवान्याशिवाय मेटल डिटेक्टर वापरणं १९७९च्या कायद्याने गुन्हा आहे.