घोडा, कुत्रा आणि घाटवाट : या चुका टाळा

सह्याद्रीत घोड्यावरून फिरताना सोबत कुत्रा असला, तरी बहुतेक स्वारांचं लक्ष घोड्यावरच असतं. घोडा थकला की चाल मंदावते, खुरात खडा अडकला की तो लगेच लंगडतो, वाट नको वाटली की अडून उभा राहतो. कुत्रा असं काही करत नाही. मालक पुढे चालला आहे तोवर तो मागे येत राहतो, तळवे भाजले तरी येतो आणि मग एकदम कोसळतो. म्हणून या वाटांवरची सगळ्यात मोठी चूक म्हणजे घोड्याच्या दमावर चाल ठरवणं.

घोडा साध्या चालीने तासाला साधारण ६ किलोमीटर जातो. तेवढ्यासाठीही मध्यम चणीच्या कुत्र्याला बराच वेळ दुडकावं लागतं. घोडा दुडकीला लागला की कुत्र्याला पळावंच लागतं. शिवाय घोडा अंगभर घाम येऊन निवतो, कुत्र्याची मदार मात्र धापा टाकण्यावर असते. पावसाळा सरल्यावर देशावरून घाट उतरून कोकणात जाणारे धनगर पाहा. घोड्यांवर बिऱ्हाड आणि नवी कोकरं, बाजूने कुत्री, आणि चाल ठरते मेंढरांच्या पायांवर. घोडा-कुत्र्याला एका वाटेने नेण्याची याहून पारखलेली रीत मला माहीत नाही.

तेव्हा नोव्हेंबर ते फेब्रुवारी हेच दिवस निवडा. उजाडताच निघा आणि ऊन चढायच्या आत सावली गाठा. उघड्या कातळावर आपला हात पालथा ठेवून पाहा. सात सेकंद ठेववत नसेल तर कुत्र्याचे तळवे तिथे भाजणार. त्याची जीभ गडद लाल झाली, लाळ चिकट झाली, पाय लटपटू लागले तर तो उष्माघात आहे. लगेच सावलीत न्या, हाताशी असेल ते पाणी पोटावर, जांघेत, पायांवर ओता आणि वारा घाला. ओलं फडकं अंगावर पांघरून ठेवू नका, त्याने उष्णता आत कोंडते. आधी अंग थंड करा, मग डॉक्टरांकडे धावा.

दोरी खोगिराला बांधणं ही दुसरी घातक चूक. कुत्रा सशामागे वळला की दोरी घोड्याच्या पायांत गुंतते, आणि अरुंद कड्यावर तिघांनाही सावरायला जागा नसते. दोरी हातात धरा, मनगटाला गुंडाळू नका. कुत्र्याची जागाही ठरलेली हवी. घोड्याला थेट मागचं दिसत नाही; तिथे अचानक काही हललं तर ओळखीच्या कुत्र्यालाही लाथ बसते. रुंद वाटेवर कुत्रा रिकिबीच्या (स्वाराच्या पायाच्या कडीच्या) बाजूला, हातभर नव्हे तर चांगलं अंतर राखून चालावा; अरुंद वाटेवर चार पावलं पुढे, दोघांच्याही नजरेत. ‘थांब’ आणि ‘बाजूला’ हे हुकूम सपाट मैदानात पक्के झाल्याशिवाय घाट चढूच नका. वाडीतली कुत्री अंगावर आली तर घोडा पळवू नका. त्याला थांबवा आणि त्यांच्याकडे तोंड करून उभा करा. पाठमोऱ्या घोड्याचा पाठलाग करायला त्यांना हुरूप येतो.

खोगिराच्या तक्रारी बहुधा तंगापाशी, म्हणजे खोगीर पोटाखालून आवळणाऱ्या पट्ट्यापाशी, सुरू होतात. निघताना घोडा पोट फुगवतो, म्हणून दहा-पंधरा मिनिटांनी तंग पुन्हा तपासा. चढावर खोगीर मागे सरकत असेल तर छातीपट्टा लावा, उतारावर मानेकडे येत असेल तर दुमची, म्हणजे शेपटीखालून जाणारा पट्टा. तीव्र उतारावर मात्र खाली उतरून चालावं, हे माझं ठाम मत आहे. माथेरानला पेव्हर ब्लॉकवरून नाल लावलेले घोडे कसे घसरतात हे तिथले घोडेवाले सांगतात. पाणी झिरपणाऱ्या शेवाळलेल्या कातळावरही तोच धोका. खूर उकरायचा आकडा खिशात ठेवा. विसाव्याला घोडा लगामाने बांधू नका. मोहरकीच्या (तोंडात कडी नसलेल्या डोक्याच्या पट्ट्याच्या) दोरीने, ओढताच सुटेल अशा गाठीने, पक्क्या झाडाला बांधा. जवळ कण्हेर किंवा घाणेरी नाही ना, हे आधी बघा. कण्हेर तर घोड्याला आणि कुत्र्यालाही जीवघेणी ठरते.

घामेजलेल्या घोड्याला पाणी द्यायचं नाही, हा समज अजून टिकून आहे. तो सोडून द्या. त्याला पिऊ द्या आणि नंतर थोडा हळू चालवा. चंदीचा तोबरा, म्हणजे तोंडाला बांधायची दाण्याची पिशवी, मात्र श्वास शांत झाल्यावरच.

वाट वनखात्याच्या हद्दीत असेल तर आधी परवानगी विचारा. अभयारण्यात पाळीव कुत्रा नेऊ नका. आग्या मोहोळं लटकलेल्या कड्याखाली धूर, चूल, अत्तर काहीही नको. आणि अंधार पडायच्या आत गावात पोचा, कारण बिबट्याला कुत्रा हे सोपं सावज वाटतं. कुत्र्याला तुमच्या पुढे-मागे दूर जाऊ देण्याची मोकळीक सूर्य कलला की बंद.

परतल्यावर खोगिराखालची पाठ चाचपून पाहा. सूज किंवा सोललेली जागा दिसली तर ती पूर्ण बरी होईपर्यंत स्वारी नाही. कुत्र्याच्या कानांत, बोटांच्या बेचक्यांत आणि गळपट्ट्याखाली गोचीड शोधा. पुढच्या दोन-तीन आठवड्यांत त्याला ताप आला, खाणं सुटलं, तर डॉक्टरांना ‘जंगलात नेलं होतं’ हे आधी सांगा, म्हणजे गोचीडतापाची रक्ततपासणी लवकर होईल.