रूबेनचे पफ रोल: आधी कोबी पिळा

अमेरिकेतल्या डेलीत (सँडविच आणि तयार खाद्यपदार्थांच्या दुकानात) मिळणारं रूबेन सँडविच म्हणजे राय या धान्याचा ब्रेड, कॉर्न्ड बीफ म्हणजे खारवलेलं गोमांस, स्विस चीज, सावरक्राउट म्हणजे आंबवलेला कोबी, आणि रशियन ड्रेसिंग म्हणजे मेयोनेज-केचपचं चटकदार सॉस. हाच ऐवज पफ पेस्ट्रीत गुंडाळला की पार्टीला एका घासाचे झकास रोल होतात. फसतात ते बहुधा एकाच कारणाने: कोबीचं पाणी. बरणीतून काढून नुसता चाळणीत निथळत ठेवून भागत नाही. स्वच्छ पंच्यात बांधून, चक्क्याचं दही पिळतो तसा घट्ट पिळा. वाटीभर कोबीतून सहज पाव वाटी पाणी निघतं. ते आत राहिलं तर तळाची पेस्ट्री लगदा होते.

गोठलेली पेस्ट्री फ्रीजमध्येच रात्रभर नरम होऊ द्या. पेस्ट्रीच्या पोळीवर ड्रेसिंग अगदी पुसट लावा (उरलेलं बुडवून खायला बाजूला), मग चीज, पातळ मांस आणि कोबी. घट्ट गुंडाळी करून अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवा. गार गुंडाळी धारदार सुरीने दीड सेंटिमीटर जाडीची कापली की चकत्या चेपत नाहीत. वरून अंडं फेटून लावा आणि कॅरवेचे (जिऱ्यासारखे दिसणारे, सुवासिक) दाणे भुरभुरा. राय ब्रेडचा तो ओळखीचा वास बराचसा त्यांचाच असतो, म्हणून हे दाणे मी तरी कधीच गाळत नाही. २०० अंश सेल्सिअसला १८ ते २० मिनिटं, तळ तांबूस होईपर्यंत.

बीफ नको असेल तर टर्की या पक्ष्याचं मांस घ्या. टर्की आणि कोलस्लॉ (कच्च्या कोबीचं सॅलड) घातलेल्या सँडविचला तिकडे ‘रेचेल’ म्हणतात. कोलस्लॉ मात्र पेस्ट्रीत भरू नका, सोबत वाढा.