गच्चीवर सोलर बसलं, आता दुपारची वीज वाया घालवू नका

आमच्या गोरेगावच्या सोसायटीत १० किलोवॅटचं सोलर बसलं, कॉमन मीटरवर, म्हणजे लिफ्ट, पंप आणि जिन्यातले दिवे. बसवून झालं की सगळ्यांना वाटतं काम संपलं, पण खरं काम तिथूनच सुरू होतं, म्हणून हे जरा सविस्तर लिहितोय.

आधी हिशोब समजून घ्या. मुंबईत १ किलोवॅटमागे वर्षाची सरासरी धरली तर दिवसाला साधारण ४ युनिट मिळतात, एप्रिल-मेत जास्त, जुलैत ढगांमुळे बरीच कमी, तेव्हा पावसाळ्यात आकडा पडला म्हणून घाबरू नका. नेट मीटर, म्हणजे दोन्ही बाजूंची वीज मोजणारा मीटर, दोन रीडिंग दाखवतो, इम्पोर्ट म्हणजे ग्रिडमधून घेतलेली आणि एक्स्पोर्ट म्हणजे ग्रिडला दिलेली. तिसरा आकडा इन्व्हर्टरवर (पॅनलची डीसी वीज एसी करणारा डबा) बघायचा, एकूण जनरेशन, म्हणजे पॅनलने बनवलेली सगळी वीज. समजा महिन्याला जनरेशन ११००, एक्स्पोर्ट ५०० आणि इम्पोर्ट ४००, तर ६०० युनिट तुम्ही थेट उन्हातून वापरली आणि एक्स्पोर्टमधून इम्पोर्ट वजा जाता उरलेली १०० पुढच्या महिन्यात जमा. फिक्स्ड चार्ज मात्र लागतोच, बिल शून्य येईल असं कमिटीत कुणाला सांगू नका. जमा युनिटांचा हिशोब ३१ मार्चला मिटतो आणि तेव्हा उरलेल्याला मिळणारा दर आपण वीज घेतो त्यापेक्षा खूपच कमी असतो, त्यामुळे सिस्टीम घेतानाच १२ महिन्यांची बिलं समोर ठेवून साईज ठरवा, उगाच मोठी नको.

आता वेळ बदलायची. आमचा पंप साडेसात एचपीचा, पहाटे ५ ला चालायचा कारण वॉचमनला तशी सवय होती. पालिकेचं पाणी खालच्या टाकीत कधीही येवो, वर चढवायचं ते ११ ते २ मध्ये चढवता येतं, फक्त वरची टाकी रात्रभर पुरली पाहिजे. स्मार्ट टायमर आणि टाकीत लेव्हल सेन्सर लावला, तासाभराची साडेपाच युनिट आता सरळ उन्हातून जातात. टायमर स्टार्टरच्या कॉन्टॅक्टरवर (पंप चालू-बंद करणारा जड स्विच) इलेक्ट्रिशियनकडूनच जोडून घ्या, घरातला स्मार्ट प्लग पंपाला कधीच लावू नका, जळेल. तुमच्या मीटरला टाइम ऑफ डे दर, म्हणजे वेळेनुसार बदलणारा दर, लागू असेल तर या वेळा अजूनच महत्त्वाच्या, ईव्ही चार्जिंगही दुपारीच ठेवा.

मॉनिटरिंगचं ॲप सगळे देतात, पण राऊटर तळमजल्यावर आणि इन्व्हर्टरचा इंटरनेट डोंगल गच्चीवर असेल तर रेंज मिळत नाही, सिमवाला डोंगल मागा. रोज बघायची गरज नाही, आठवड्यातून एकदा दिवसभराचा आलेख बघा. आमच्याकडे तो रोज साडेतीनला एकदम खचायचा. वर जाऊन बघितलं तर पाण्याच्या टाकीची सावली दोनच पॅनलवर पडत होती पण त्यामुळे अख्खी स्ट्रिंग, म्हणजे एकामागे एक जोडलेली पॅनलची रांग, आडवी होत होती. बसवणाऱ्याने हे आधी बघायला हवं होतं, शेवटी ती दोन पॅनल हलवली.

धुलाई पंधरा दिवसांनी, सकाळी लवकर, काच थंड असताना. कबुतरांची घाण सुकली की नुसत्या पाण्याने जात नाही, मऊ फडकं लागतं. टँकरच्या जड पाण्याचे डाग राहतात म्हणून नळाचंच पाणी वापरा.

आणि एक गोष्ट रहिवाशांना आधीच सांगून ठेवा, लाईट गेली की साधं ऑनग्रिड, म्हणजे बॅटरीशिवाय ग्रिडला जोडलेलं, सोलरही बंद पडतं, भर उन्हात सुद्धा. १२ ऑक्टोबर २०२० ला सकाळी मुंबईची वीज गेली होती तशी परत गेली तरी आपली लिफ्ट सोलरवर चालणार नाही. हा बिघाड नाही, लाईनवर काम करणाऱ्या माणसाला शॉक लागू नये म्हणून इन्व्हर्टर स्वतःच थांबतो. लिफ्टसाठी बॅकअप हवाच असेल तर हायब्रिड इन्व्हर्टर (ग्रिड आणि बॅटरी दोन्हींवर चालणारा) आणि बॅटरीचा खर्च वेगळा धरा, आणि लिफ्टचा सुरुवातीचा झटका झेपेल का ते लिफ्टवाल्याला विचारून मगच ऑर्डर द्या.