आजो सापडला तो ‘ई’खाली

जनगणनेच्या कागदांत आमच्या गोव्यातल्या आज्याचं नाव मिळेल, अशा समजुतीने मी शोध सुरू केला आणि पहिल्याच दिवशी भ्रम फिटला. १९४८ च्या जनगणना कायद्याने घरोघरच्या नोंदी गोपनीय आहेत. छापील पुस्तकांत मिळतात ते गावाचे आकडे. तरी ती चाळाच. गावात बायकांपेक्षा पुरुष बरेच कमी दिसले, की मुंबईला कोण कोण गेलं होतं हे घरात विचारायचं सुचतं.

माणूस हवा असेल तर गोव्यातल्या पोर्तुगीज अमदानीतल्या जन्म-लग्नाच्या नोंदवह्या. त्यासाठी तालुक्याच्या सिव्हिल रजिस्ट्रारकडे जायचं. तिथे हल्ली गर्दी असते, ती पूर्वजांच्या प्रेमापोटी नव्हे. पोर्तुगीज पासपोर्टसाठी १९६१ पूर्वीचा जन्मदाखला लागतो म्हणून.

माझे दोन महिने फुकट गेले ते स्पेलिंगमुळे. आजो यशवंत, म्हणून मी ‘वाय’ पाहत बसलो. लिहिणाऱ्याने त्याला ‘एस्वोंता’ केलं होतं, ‘ई’खाली. शिवाय सूची आडनावाने नव्हती, पहिल्या नावाने होती. प्रभूचा ‘पोरोबो’ आणि कामतांचा ‘कामोतीं’ होतो हे धरूनच चला. बापाचं नाव आणि वाडा, म्हणजे गावातली वस्ती, जुळल्याशिवाय मात्र ‘हाच तो’ म्हणू नका. एका गावात तीन यशवंत सहज निघतात.

सगळ्यांत श्रीमंत कागद म्हणजे वाटणीचा, इन्व्हेंटरीचा, म्हणजे मेलेल्याची मालमत्ता वारसांत वाटतानाचा. घरच्या वंशावळीत बाप, मुलगा, नातू एवढेच. लेकी लग्न झाल्या की गळतात. पण पोर्तुगीज नागरी संहितेत लेकीही वारस, त्यामुळे इन्व्हेंटरीत त्यांची, जावयांची नावं येतात. कोणी वारस आधीच वारला असेल तर त्याची मुलंही. जमिनीवरून भांडलेलं घराणं असेल तर तुमचं नशीब थोर! आमच्यात भांडण झालं होतं, देवाची कृपा.

कुळदेवाच्या देवळात महाजनांची, म्हणजे देवळाच्या वंशपरंपरागत सभासदांची, यादी मागा, पण आधी कोणा जाणत्या माणसाची ओळख काढा. आणि मोडी वाचणारा, पोर्तुगीज वाचणारा असे दोघे शोधून ठेवा. ते सहसा सत्तरीच्या पुढचे असतात, तेव्हा कागद नंतर, आधी त्यांची वेळ घ्या.

एस्वोंताला एक बहीण होती. आमच्या घरात कोणालाच ठाऊक नव्हतं. इन्व्हेंटरीत तिच्या नवऱ्याचं गाव लिहिलं होतं, बांदोडा. आमच्या घरापासून बसने तासाभराच्या वाटेवर.