जुन्या स्पिनिंग रीलची बेल स्प्रिंग बदलताय? आधी या चुका टाळा

मासेमारीची जुनी स्पिनिंग रील घेऊन कोणी आलं की पहिलं वाक्य ठरलेलं असतं, "बेलची स्प्रिंग गेलीये". बेल म्हणजे रोटरवरची, हँडलसोबत गोल फिरणाऱ्या भागावरची, ती तारेची कमान, फेकताना उघडायची आणि हँडल फिरवलं की टपकन पडून तंगूस, म्हणजे गळाची नायलॉनची दोरी, रोलरवर घेणारी. ती पडली नाही, अर्धवट पडली किंवा ऐन फेकीत मधेच मिटली की लोक थेट स्प्रिंग शोधायला लागतात. आणि माझा अनुभव असा की माझ्याकडे येणाऱ्या निम्म्या रीलमध्ये स्प्रिंग ठणठणीत असते, बिचारीवर उगाच आळ.

न तपासता स्प्रिंगला दोष देणं

यावर मी जरा जास्त बोलणार आहे, कारण हे बघून बघून कंटाळा आलाय.

एक गृहस्थ जुनी मिचेल 300 घेऊन आले होते. मूळ फ्रान्समधल्या क्लूझची ही रील, एकेकाळी जगभर खपलेली, त्यामुळे तिचे सुटे भाग अजून मिळतात आणि हाच घोळ आहे, भाग मिळतात म्हणून लोक डोकं न लावता भाग बदलत सुटतात. यांनी दोन स्प्रिंग बदलल्या होत्या आणि तिसरी पाकिटातून सोबत आणली होती. म्हणे सगळ्या स्प्रिंग डुप्लिकेट येतात हल्ली, ताकदच नसते. मी काही न बोलता स्प्रिंग काढून बाजूला ठेवली, बेल परत नुसती स्क्रूवर बसवली आणि त्यांना म्हटलं, आता बोटाने हलवा. हलवली. अर्ध्यावर गेली आणि तिथेच लटकली. स्प्रिंग नसताना बेल दाराच्या कडीसारखी सैल झुलली पाहिजे, बोट लावलं की या टोकापासून त्या टोकापर्यंत, मधे कुठेही अडखळता कामा नये. ही मात्र मधेच घट्ट होत होती.

मग कारण दिसलं. बेलची तार वाकलेली. रील पिशवीत दाबली गेली असणार, कमान जेमतेम दोन-तीन मिलीमीटर आत आली होती, लांबून बघून कळणारसुद्धा नाही. पण तेवढ्याने तारेची टोकं धरणारे दोन्ही बाजूचे कान आत ओढले गेले आणि रोटरच्या अंगाला घासायला लागले. वरून स्क्रूखाली घट्ट झालेलं ग्रीस, तपकिरी, मेणासारखं, नखाने खरवडावं लागलं. तार हातानेच हळूहळू सरळ केली, थोडं वाकवायचं, बसवून बघायचं, परत काढायचं, असं पाच-सहा वेळा. कान आणि स्क्रू रॉकेलने पुसले, पातळ तेलाचा एक थेंब. बेल खटकन पडायला लागली. गृहस्थ खूश, आणि मग जरा चेहरा पडला, कारण कंपनीची मूळ स्प्रिंग, जिच्यात काही बिघाड नव्हता, ती त्यांनी केव्हाच फेकून दिली होती.

म्हणून माझी सवय अशी की आधी स्प्रिंग काढून बेल झुलवून बघायची. मोकळी झुलली तर स्प्रिंगवर संशय घ्या. अडखळली तर तार, कान, स्क्रू, वॉशर, मळ यातलं काहीतरी आहे आणि नवीन स्प्रिंग टाकून ते झाकलं जाईल, सुटणार नाही. हँडल फिरवल्यावर बेलला सोडवणारी जी खिट्टी असते ती पण बघा, तिच्यात वाळू किंवा सुकलेलं ग्रीस अडकलं की बेल उघडी ती उघडीच राहते आणि परत शिव्या स्प्रिंगला. दोन मिनिटांचं काम आहे. पण नाही, लोकांना आधी पार्ट मागवायचा असतो.

उघडायची घाई

बेल स्प्रिंगसाठी गिअरबॉक्स उघडायची गरज नसते. बहुतेक जुन्या रीलमध्ये ती रोटरच्या कानावर, छोट्या झाकणाखाली किंवा थेट स्क्रूखाली बसलेली असते. तरी लोक आधी बाजूचं मोठं झाकण काढतात, आतली चक्रं टेबलावर पसरतात आणि मग विचारतात की हा जास्तीचा वॉशर कुठला. फोटो काढा हो. प्रत्येक स्क्रू काढण्याआधी एक फोटो, फोन हातातच असतो नाहीतरी.

स्क्रू काढताना खाचेत पूर्ण बसणारं, खाचेच्या रुंदीचं सपाट टोक वापरा. घरातलं जे सापडेल ते पेचकस घालून पिळलं की डोकं चाटून जातं आणि मग ड्रिल मारत बसायचं. घट्ट असेल तर गंज सोडवणारं तेल टाकून रात्रभर विसरा. रात्रभर म्हणजे रात्रभर, दहा मिनिटं नाही.

आणि स्प्रिंग उडते. उडणारच, तिचं कामच ते आहे. मी रील आणि दोन्ही हात पारदर्शक पिशवीत घालून शेवटचा स्क्रू सोडतो, दिसायला येडपट दिसतं पण गेल्या कित्येक वर्षांत जमिनीवर रांगलो नाहीये.

"जरा जाड तार टाकू, म्हणजे परत तुटणार नाही"

ही दुसरी लाडकी चूक आणि ही मी स्वतः केलेली आहे, त्यामुळे अधिकाराने बोलतो.

माझ्या एका जुन्या रीलची स्प्रिंग तुटली, नेहमीच्या जागी, वेढा संपून पाय जिथे बाहेर वळतो तिथे. या स्प्रिंग जवळजवळ नेहमी तिथेच तुटतात कारण सगळा ताण त्या वळणावर येतो आणि त्यात गंजाचा एखादा ठिपका असला की तिथून तडा सुरू होतो. मूळ तार मोजली, 0.8 मिलीमीटर. माझ्याकडे 1 मिलीमीटरची पियानो वायर, म्हणजे स्प्रिंगची कडक पोलादी तार, पडलेली होती. म्हटलं चला, झकास, जाड आहे, जन्मभर टिकेल. तेवढेच वेढे घातले, बसवली. बेल अशी पडायची की उंदराचा सापळा वाटावा, ठाक! मी दोन आठवडे सगळ्यांना दाखवत फिरलो.

मग एक दिवस हँडल फिरवलं आणि बेल पडली ती एका बाजूने लोंबतच राहिली. स्प्रिंग शाबूत होती. ज्या कानाच्या भोकात तिचा पाय अडकतो त्या ओतीव कानालाच भोकापासून कडेपर्यंत चीर गेली होती. जुना ओतीव धातू ठिसूळ झालेला असतो, त्याला रोज हातोडा मारल्यासारखं मी मारत होतो. स्प्रिंग मिळते, तो कान मिळत नाही. ती रील आता माझ्या सुट्या भागांच्या डब्यात आहे.

नंतर हिशोब केला तेव्हा लाज वाटली. स्प्रिंगचा कडकपणा तारेच्या जाडीच्या चौथ्या घातात वाढतो. म्हणजे 0.8 ची 1 केली तर जाडी फक्त पाव पट वाढली पण स्प्रिंग जवळजवळ अडीच पट कडक झाली. 0.9 केली तरी दीडपटीच्या वर जाते. आणि गंमत पुढेच आहे, जाड तार जास्त टिकेल हा समजच उलटा आहे, कारण बेल जेवढी फिरते तेवढ्याच कोनात जाड तार पिळली की तिच्या अंगावर ताण पातळ तारेपेक्षा जास्त येतो, तर ती आधी थकते. एखादा वेढा कमी घातला तरी तसंच, चारचे तीन केले की स्प्रिंग एक तृतीयांशाने कडक होते. कंपनीवाल्यांनी 0.8 ची तार कंजूषी म्हणून नव्हती टाकलेली. तर तार तीच, वेढे तेवढेच, पायांची लांबी आणि कोन तोच. तुटलेली स्प्रिंग म्हणून फेकायची नाही, तिचे दोन्ही तुकडे कॅलिपरने मोजायला लागतात.

घरी स्प्रिंग बनवताना

पहिलं म्हणजे बॉलपेनची स्प्रिंग नको. ती दाबली जाणारी स्प्रिंग, बेलला पिळली जाणारी लागते, दोघींचा संबंध नाही. तरीही दर थोड्या दिवसांनी कोणीतरी ती सरळ करून, वाकवून बसवलेली माझ्यासमोर येतेच.

तार वळवायला ड्रिल बिटचा गुळगुळीत मागचा भाग चांगला, पण तो स्प्रिंगच्या आतल्या व्यासापेक्षा बारीक घ्यायचा, कारण हात सोडला की वेढे थोडे उलगडतात. किती बारीक ते तारेवर आहे, मी दोन-तीन वाया घालवतो आणि त्याचं मला काही वाटत नाही. वेढा उजवा की डावा ते जुन्या स्प्रिंगकडे बघून ठरवा. बेल उघडताना स्प्रिंगचे वेढे आणखी आवळले गेले पाहिजेत, उलगडले जात असतील तर तुम्ही आरशातली स्प्रिंग बनवलीये. आवळताना आतला व्यास कमी होतो म्हणून मधल्या खुंटीभोवती थोडी जागा ठेवा, नाहीतर ती खुंटीलाच आवळून बसेल.

पाय वाकवताना लायटर लावायचा नाही. परत लिहितो, लायटर लावायचा नाही, मेणबत्ती नाही, गॅस नाही. तार लाल झाली की तिचा कडकपणा संपला, मग ती स्प्रिंग नाही, बांधायची तार. वळते मस्त, हो, लोण्यासारखी वळते, आणि बेल दहा-वीस वेळा उघडली की तशीच वाकून राहते. थंडच वाकवायची, गोल तोंडाच्या पकडीने, नाहीतर खिळ्याच्या दांड्यावर. पकडीच्या धारदार कडेवर काटकोन मारला तर तिथे चरा पडतो आणि पुढच्या तुटण्याची जागा तुम्हीच आखून दिलीत. सगळं वाकवून झाल्यावर पियानो वायरची स्प्रिंग ओव्हनमध्ये साधारण 230 अंश सेल्सिअसला अर्धा तास ठेवली की वळवताना बसलेला ताण निघतो आणि ती आपला आकार धरून राहते. ही पायरी बहुतेक लोक गाळतात आणि मग महिन्याभराने बेल ढिली पडली म्हणून विचारतात.

गंजाचं म्हणाल तर पियानो वायर खाऱ्या पाण्यात गंजते, तेलाचा हलका हात लागतोच. ज्यांना ते नको त्यांनी स्प्रिंगच्या दर्जाची स्टेनलेस तार घ्यावी, ती तेवढ्याच जाडीला किंचित नरम लागते पण चालते.

बसवतानाच्या बारीकसारीक

ग्रीस कोंबू नका. बेलच्या कानात पातळ तेल, एक थेंब. ग्रीस थंडीत घट्ट होतं आणि तुम्ही परत पहिल्या परिच्छेदावर येता.

स्क्रू करकचून आवळला की कान जाम होतो, आणि जाम झालेला कान बघून लोक परत म्हणतात स्प्रिंग कमजोर. शेवटपर्यंत आवळून बेल अडकत असेल तर खालचा पातळ वॉशर हरवलाय, टेबलाखाली बघा.

आटे पकडून ठेवणारा गोंद लावायचाच असेल तर सौम्य प्रकारचा, सुईच्या टोकावर येईल एवढाच आणि फक्त आट्यांवर. तो कानात ओघळला की आणखी एक संध्याकाळ गेली.

हँडल मारून बेल पाडायची सवय

यावर भांडणं होतात, होऊ देत. नवीन रीलचं नवीन रीलवाले बघतील, पण पन्नास वर्षांच्या रीलची बेल मी हाताने पाडतो. हँडल गर्रकन फिरवून पाडली की खिट्टी, कान, रोलरचा स्क्रू सगळ्यांना धक्का बसतो, आणि वरून स्पूलवर, तंगूस गुंडाळतो त्या रिळावर, तंगुसाचा सैल फासा राहतो तो पुढच्या फेकीला गुंता होऊन निघतो. हाताने पाडली की तंगूस जरा ओढून घेता येतं. शिकाऊ मुलांना हे सांगितलं की ती म्हणतात वेळ जातो. एक सेकंद जातो रे बाबा, मासा काही गाडी पकडायला निघालेला नाही.

तशीही बेल ही नंतर आलेली सोय आहे. स्पिनिंग रीलचा इंग्रज जनक इलिंगवर्थ, त्याने 1905 मध्ये ज्या रीलचं पेटंट घेतलं तिच्यावर अशी कमान नव्हतीच. पेन (Penn) या अमेरिकी कंपनीची 706 रील तर मुद्दाम बेलशिवाय विकली जायची, तंगूस बोटाने रोलरवर घालायचं, आणि तिचे भक्त छातीठोकपणे सांगतात की त्यांची बेल स्प्रिंग आजवर एकदाही तुटलेली नाही.

रील ठेवून देताना बेल मिटलेली ठेवा, उघड्या बेलमध्ये स्प्रिंग सहा-सहा महिने पिळलेली पडून राहते.

चाचणी नुसती टेबलावर घेऊ नका. बेल उघडून रील उलटी धरा, हलवा, उघडीच राहिली पाहिजे. मग हँडल अगदी सावकाश फिरवा, तरी पूर्ण पडली पाहिजे. मग रॉडला लावून साधं वजन बांधून, समोर माणूस नाही असं बघून, वीसेक फेकी जोर वाढवत न्या. ऐन फेकीत बेल मिटली तर वजन तंगूस तोडून सुटतं, ते शिसं आहे तोवर ठीक, आवडता लूर, म्हणजे खोटं आमिष, नको.

आणि स्प्रिंग मागवताना दोन मागवा, दुसरी डबीत टाकून वर मॉडेल नंबर लिहा, लगेच, त्याच दिवशी. माझ्या ड्रॉवरमध्ये अकरा सुट्या बेल स्प्रिंग आहेत आणि त्यातली एकही कुठल्या रीलची आहे ते मला सांगता येत नाही.